दोन कन्स्ट्रक्टर

प्रोग्राममधला ऑब्जेक्ट घडवणारे कोडचे दोन तुकडे, म्हणजे कन्स्ट्रक्टर, तिने लिहिले होते, पण प्रोग्राम काही केल्या चालेना. शेजारची मैत्रीण स्क्रीनवर वाकली आणि खळखळून हसली. "अगं, तुझा हा कन्स्ट्रक्टर काम त्या दुसऱ्यावर ढकलतोय आणि तो परत याच्यावर! मग ऑब्जेक्ट तयार करणार कोण? एकाने तरी स्वतः हात घालायला हवा ना!"

ती ताडकन उभीच राहिली. परदेशातल्या नोकरीच्या ऑफरला आजच उत्तर द्यायचं होतं आणि आठवडाभर आई म्हणत होती, "बाबांना विचार." बाबा म्हणत होते, "आईला विचार."

तिने तिथूनच होकार पाठवला आणि घरी फोन लावला. "आई, मी जातेय!"

पलीकडे आई आनंदाने ओरडली, "अहो, ऐकलंत का? आज पोरीने विचारलं नाही, सांगितलं!"