गायरानाचा ठराव

"त्या दिवशी खोलीत आमी चौघंच व्हतो," धोंडीबा म्हणाला. "मी, दाजी, भाऊसाहेब तुमी आन् चहा घिऊन आलेला किसन. मग कलेक्टरला कळलं कसं?"

ग्रामसेवक सोपानराव मान खाली घालून ऐकत होते. पंचायतीतले सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. समोर सरपंच लक्ष्मणराव पानाला चुना लावत बसले होते. त्यांनी मेहुण्याकडे, धोंडीबाकडे, पाहिलं.

कुरणवाडी चाकणच्या रस्त्याला लागून होती. पिंपरीतल्या कंपन्यांचे ट्रक त्या रस्त्यावरून वाढू लागले, तसं रस्त्याकडेच्या गायरानावर धोंडीबाचं लक्ष गेलं. तिथं त्याला वजनकाटा आणि गोदाम टाकायचं होतं. पण गावानं ती जागा बौद्ध वस्तीतल्या चाळीस घरांना द्यायचा ठराव आधीच केला होता. तो ठराव बाजूला सारायचा, वस्तीला ओढ्याकाठची पाणी भरणारी जागा दाखवायची आणि नव्या ठरावावर मागची तारीख घालायची, असं धोंडीबानं ठरवलं. त्याच्या बाजूचे पाच सदस्य उठून गेले असते तर लक्ष्मणरावांचं सरपंचपद एका दिवसात गेलं असतं, म्हणून त्यांनी उघड विरोध केला नाही.

ठराव लिहायचा होता सोपानरावांनी, आणि त्यांनी तो लिहिला.

चार वर्षांपूर्वी ते भीमाशंकरच्या बाजूला, पावसाळ्यात वाट बंद होणाऱ्या गावात होते. पत्नी सारजाबाईंचा दमा तिथल्या ओलीत इतका बळावला, की दोनदा त्यांना डोलीत घालून खाली आणावं लागलं. लक्ष्मणरावांनी कुठं शब्द टाकला कोण जाणे, महिन्याभरात सोपानरावांची बदली कुरणवाडीला झाली. पुण्याचा दवाखाना तासाभरावर आला. त्या उपकाराची लक्ष्मणरावांनी कधी आठवण करून दिली नव्हती. म्हणूनच त्याचं ओझं जास्त होतं.

ठराव लिहिल्यावर सोपानरावांनी कलेक्टरांना कळवायला तीनदा कागद पुढं ओढला आणि तिन्ही वेळा फाडला. मग एक दिवस चौकशी अधिकारी जीपमधून आले. कोणीतरी निनावी अर्ज केला होता. अर्जात सरपंचाचं नाव पहिलं होतं, धोंडीबाचं दुसरं. ग्रामसेवकाबद्दल एवढंच होतं की, त्याच्यावर दबाव होता. अधिकाऱ्यांनी नवा ठराव रद्द करायला लावला आणि गायरान वस्तीकडेच राहील असं लेखी दिलं. सरपंचांना नोटीस निघाली. सोपानरावांना भीती वाटली, पण छातीवरून काहीतरी उतरल्यासारखंही वाटलं.

"किसनच त्यो," धोंडीबा म्हणाला. "वस्तीतला हाय, सातवी शिकलाय. दाजी, उद्याच्या सभेत त्याला कामावरनं काढा. न्हाईतर माजी मानसं सभेला येनार न्हाईत."

लक्ष्मणरावांनी पान तोंडात टाकलं. मग ते म्हणाले, "लिहा, भाऊसाहेब."

किसन बारा वर्षं पंचायतीचा शिपाई होता. दुपारी तो ओट्यावर माठ भरत असताना सोपानरावांनी त्याला अर्जाबद्दल हळूच विचारलं. त्याने माठावर झाकण ठेवलं, हात पुसले.

"म्या न्हाई लिहिला, भाऊसाहेब. चाळीस घरांसाठी लिहायला पायजे व्हता. पन नोकरीला भ्यालो."

एवढं बोलून तो खाली पाहत राहिला. ती शरम सोपानरावांना ओळखीची होती. त्यांचीच होती ती.

घरी आल्यावर त्यांनी सारजाबाईंना सगळं सांगितलं. किसनला काढायचा कागद आपल्याच अक्षरात तयार आहे, हेही सांगितलं. सारजाबाईंनी एवढंच विचारलं, की त्याने अर्ज केला का. नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, मग विचार कसला करताय. मी डोंगरात राहिले होते, पुन्हा राहीन.

सकाळी सभेच्या आधी सोपानराव लक्ष्मणरावांच्या घरी गेले. धोंडीबा आपली माणसं गोळा करायला गेला होता. लक्ष्मणराव पडवीत एकटेच बसले होते. सोपानरावांनी दोन कागद त्यांच्यापुढं ठेवले. एक किसनला काढायचा, दुसरा स्वतःच्या सहीचा कबुलीजबाब.

"अण्णा, किसन निर्दोष आहे. तो अर्ज मी केला. सभेत मीच सांगतो. तुम्ही माझ्यासाठी जे केलं ते मी विसरलो नाही, पण आता माझ्यावर काय कारवाई करायची ती करा."

लक्ष्मणरावांनी आधी पहिला कागद वाचला, मग दुसरा. दुसरा त्यांनी दोनदा वाचला. सोपानराव उभेच होते. बदली, निलंबन, सारजाबाईंचा खोकला, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून जात होतं आणि तरी कागद मागे घ्यावासा वाटत नव्हता, याचं त्यांना नवल वाटलं.

लक्ष्मणरावांनी दोन्ही कागद एकावर एक ठेवले आणि सावकाश फाडले.

"किसन हाय तिथंच राहील," ते म्हणाले. "सभेत माजं मी बघतो. सरपंचपद गेलं तर जाऊ द्या. पन तुमी असं खोटं सांगत फिरू नका."

"खोटं नाही, अण्णा. मीच लिहिला."

लक्ष्मणरावांनी मागं वळून आतल्या घराकडं पाहिलं. तिथं त्यांची बायको, धोंडीबाची बहीण, भाकरी थापत होती. त्यांनी सोपानरावांना हाताने जवळ बसवलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"तुमी कसा लिहिनार, भाऊसाहेब? त्यो मी लिहिलाय."