उलटं रीळ

"सयाजी, तुझ्या लेकीनं आज माझ्या आकारामाला कट्ट्यावरनं ढकललं. गुडघा फुटला की रं पोराचा!" धोंडुबाई दारातूनच ओरडत होती. आकाराम तिच्या पदराआड हुंदके देत होता. शेजारीण मायेची होती, चिमीला रोज स्वतःच्या पोरांबरोबर जेवायला बसवायची. पण पोराचं रक्त बघून तिचा तोल सुटला होता. "आन ढकलून पळून जावं का न्हाय? तर त्याच्याकडं टक लावून उलट्या पावली चालाय लागली. काय शिरलंय काय तिच्या अंगात?"

सयाजीला वाटलं, जे शिरायचं ते त्या शनिवारच्या पिक्चरमधूनच शिरलंय.

साखर कारखान्याच्या वसाहतीतल्या हॉलमध्ये दर शनिवारी संध्याकाळी मीरासाब ऑपरेटर पोरांना फुकट पिक्चर दाखवायचा. पिक्चर एकच. परदेशी, आणि सगळा हातानं काढलेल्या चित्रांचा. त्यात एक उडणारा गडी होता. एका ठोशात तो माणसं भिंतीपलीकडं घालवायचा, उरलीसुरली दरीत ढकलायचा. वसाहतीतली पोरं गळ्यात टॉवेल बांधून एकमेकांना बुकलायला लागली होती. मोठी माणसं कुरकुर करायची आणि गप्प बसायची. चित्रंच की ती, आणि वर फुकट!

चिमीला तिथं सयाजीनंच धाडलं होतं. त्याची बायको बनाबाई गेल्यापासून पोरीनं बोलणं टाकलं होतं. हॉलच्या वाटेवरच्या विहिरीवर धुणं पिळताना बनाबाई शेवाळावरून घसरून आत पडली, ती चिमीच्या डोळ्यांदेखत. वर काही ती आली नाही. तासभर तरी पोरगी हसेल म्हणून बापानं पिक्चरला लावली, आणि पोरगी लोकांची पोरं ढकलायला शिकली. बायको गेली ती गेलीच, आता लेकही हातची जाते की काय, या धास्तीनं सयाजी उठला. आज शनिवारच होता; तो तसाच हॉलकडं सुटला.

आत पोरांचा नुसता कल्ला होता. पडद्यावर मुठी चालल्या होत्या. सयाजी पिक्चरच्या मशीनपाशी गेला.

"मीरासाबभाई, बंद करा हे. पोरं बिघडाय लागल्यात."

"आरं, चित्रं हायती ती," मीरासाब रिळावरची नजर न काढता म्हणाला. "कुणाला रगत येत न्हाय, कोण मरत न्हाय."

"त्येच तर वाईट! माणूस पडलं तरी उठून येतंय, असं वाटतंय पोरास्नी. पडलेलं माणूस येत न्हाय, मीरासाबभाई!"

पुढच्या रांगेतली पोरंसुद्धा वळून बघायला लागली. मीरासाबनं मान खाली घातली. बनाबाईला विहिरीतून काढायला उतरलेल्यांत तोही होता. "बरं," तो म्हणाला. "पुढच्या शनिवारपास्नं न्हाय लावत."

एवढ्यात पिक्चर संपला आणि पोरांनी गिल्ला केला, "चाचा, उलटं! उलटं लावा की!" ही त्यांची नेहमीची फर्माईश. मीरासाबचं मशीन उलटंही चालायचं. शेवटचं रीळ मागं फिरवताना तो आतला दिवा चालूच ठेवायचा, म्हणजे पडद्यावर सगळं उलटं दिसायचं. त्यानं सयाजीकडं बघितलं, "येवढं शेवटचं," असं पुटपुटला आणि खटका दाबला.

सयाजीची नजर पोरांत चिमीला शोधत होती. ती आत नव्हतीच. बाहेर व्हरांड्यात पडद्याकडं पाठ करून, कानांत बोटं घालून बसली होती. उलटं बघायला व्हरांड्यातली बाकीची पोरं आत पळाली तशी ती उठली, धावत आली आणि सगळ्यांच्या पुढं जाऊन उभी राहिली.

पडद्यावर दरीच्या तळाशी पडलेला माणूस हलला. पाय वर, डोकं खाली, असा तरंगत कड्यावर आला आणि नीट उभा राहिला. छातीवर बसलेली मूठ मागं गेली. माणूस पुन्हा हसायला लागला. पोरं हसून लोळत होती. चिमी मात्र हसत नव्हती. हात छातीशी घट्ट धरून ती बघत होती.

सयाजीचा राग कुठल्या कुठं गेला. पोरगी मारामारी बघतच नव्हती, मग ढकलायला शिकली कुठून? त्याला काही उमगेना. तिचं बोट धरून तो घराकडं निघाला.

विहीर आली तशी चिमीनं बोट सोडवून घेतलं. विहिरीकडं तोंड केलं आणि एकेक पाऊल मागं टाकत ती घराकडं चालायला लागली.

"नीट चाल की गं, पडशील."

तिनं ऐकलं नाही. नजर विहिरीवरून हलली नाही. टाचेला उंबरा लागला तेव्हाच ती थांबली. बराच वेळ वाट बघितली. मग तिचं तोंड एवढंसं झालं.

"आकाराम बी कट्ट्यावर परत आला न्हाय, आबा," ती म्हणाली. बनाबाई गेल्यापासून पोरीच्या तोंडून निघालेलं हे पहिलं बोलणं. "चाचाचं मशीन कसं भराभरा मागं जातंय. मला तसं भराभरा चालाय येत न्हाय. म्हणून आई वर यीना व्हय?"

काय सांगायला पाहिजे ते सयाजीला ठाऊक होतं. मघाशी हॉलमध्ये ते तो भल्या मोठ्यानं बोलूनही आला होता. शेजारच्या दारात धोंडुबाई कंदील घेऊन उभी होती. तिच्या डोळ्यांना पदर लागला.

सयाजीनं लेकीला उचलून कडेवर घेतलं. तो विहिरीपर्यंत गेला, विहिरीकडं तोंड करून उभा राहिला, आणि भराभर उलट्या पावलांनी घराकडं चालायला लागला.