त्रायनचं बारसं

कादंबरीच्या बाळाचं बारसं अमेरिकेतल्या ट्रॉय शहरातल्या घरी अगदी थाटात झालं. आत्याने पुण्याहून व्हिडिओ कॉलवर 'कुर्रर्र' करून नाव सांगितलं, त्रायन. नाव मॅसेडोनियन, पण कादंबरीच्या नवऱ्याने, प्रसन्नने, हट्टाने तेच निवडलं होतं.

जेवणं झाल्यावर शेजारच्या मॅसेडोनियन आजींनी कादंबरीचा हात हातात घेतला. "आमच्याकडे आधीची मुलं दगावली, की 'हा तरी टिकू दे' म्हणून हे नाव ठेवतात. तुझी किती गेली गं?"

"छे हो आजी, हा आमचा पहिलाच!" कादंबरी हसत प्रसन्नकडे वळली. तो मान खाली घालून उभा होता.



पाळण्याची दोरी ओढता ओढता सासूबाई थांबल्या. "अरे, हिला लग्नाआधीच सगळं सांगितलंय म्हणाला होतास ना?"