आठ नंबरचे जोडे

“नुसतं ‘जोडे’ चालत नाही, काका. कशाचे, कुणाचे, केवढे, सगळं लिहावं लागतं.” परदेशी पार्सलच्या काउंटरवरच्या बाईंनी हे वाक्य सकाळपासून इतक्यांदा म्हटलं होतं की आता त्यांना स्वतःचाच आवाज नकोसा झाला होता.

“मागल्या वर्षी चाललं की.”

“मागलं वर्ष गेलं. आता माल निघायच्या आधी तिकडच्या कस्टमला सगळं कळवायचं. वर घेणाऱ्याचा होकार हवा, त्याचा ओळखक्रमांक हवा. मगच खोकं इथून हलणार.”

म्हातारा चांभार खोक्यावर हात ठेवून उभा राहिला. होकाराचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. परदेशातला मुलगा त्याच्याशी बोलत नव्हता. दर वर्षी तो एक जोड शिवायचा आणि पत्त्यावर पाठवून द्यायचा. खोकं कधी परत आलं नव्हतं. पोचल्याचंही कुणी कळवलं नव्हतं. त्यात त्याचं बरं चाललं होतं.

“नको म्हणाला तर?”

“परत न्यायचं.”

“आणि काहीच बोलला नाही तर?”

“तरी परतच न्यायचं,” बाई म्हणाल्या. मग जरा वरमून विचारलं, “माप किती?”

“आठ.”

याचा मात्र त्याला विचार करावा लागला नाही. पोरगा भांडून घराबाहेर पडला तेव्हा त्याला मिसरूडही धड फुटलं नव्हतं. त्या वेळचा त्याच्या पायाचा लाकडी साचा दुकानात अजून होता, आणि जोड त्याच्यावरच शिवला जायचा. मुलीनं गुपचूप दिलेला मुलाचा फोन नंबर त्यानं पुढे केला. बाईंनी तपशील भरून त्या नंबरवर पाठवला.

तो बाकावर जाऊन बसला. पंखा कुरकुरत होता. रांगेतल्या एकानं ‘घरगुती सामान’ लिहून आणलं होतं, त्याच्याशी बाईंची हुज्जत झाली. दुसऱ्यानं चहा मागवला तो कुणी प्यायलाच नाही. म्हाताऱ्याला वाटलं, उठावं, खोकं उचलावं आणि निघावं. उत्तर येण्याआधी गेलं तर निदान ‘नको’ ऐकावं तरी लागणार नाही.

“काका, आलं बघा!”

तो उठला, पण पुढे जाईना.

“होकार आहे. क्रमांकही दिलाय.” बाईंनी पडद्यावर खाली पाहिलं आणि कपाळाला हात लावला. “अरे देवा. खाली दुरुस्ती लिहिलीय. माप आठ नाही, नऊ. काका, माप तरी नीट सांगायचं! आता हे रद्द करून पुन्हा पहिल्यापासून भरायचं. आजचं जहाज गेलं म्हणून समजा.”

“मी नीटच सांगितलं. खोक्यात आठचेच आहेत.”

“मग हा नऊ कुठून आणतो?”

 म्हाताऱ्यानं काउंटरवरचं खोकं हळूच आपल्याकडे ओढलं.

“अहो, राहू द्या,” बाई दमून म्हणाल्या. “आठचेच आहेत असं परत कळवते. एवढ्यासाठी खेप कशाला चुकवता?”

“नको, ताई. नऊचे शिवून आणतो.” त्यानं खोकं काखेत घेतलं. “म्हणजे दर वर्षी घालून बघत होता तो.”