पहिली बॅच

कॉलिनने रिचमंड हिलच्या घरी, बेसमेंटमध्ये पहिल्यांदाच बिअर बनवायला घातली. दुसऱ्या दिवशी यीस्टने जोर धरला आणि बादलीतलं तापमान चोवीस अंशांवर गेलं. एकोणीसच्या वर गेलं की चव बिघडते.

"गेली बॅच! कूलिंगचं मशीन घ्यायला हवं होतं."

"मशीन कशाला? मी बघते," त्याची आई ब्लांच म्हणाली.

तिने बादली पाण्याच्या टबात ठेवली आणि पाच दिवस बर्फाच्या बाटल्या बदलत काटा एकोणीसवर धरून ठेवला.

महिन्याभराने पहिला घोट घेऊन कॉलिन थक्क झाला. "मम्मी, हे शिकलीस कुठे?"

"वसईला. तू सातव्या महिन्यातच झालास. दवाखान्यात काचेची पेटी नव्हती. चाळीस दिवस गरम पाण्याच्या बाटल्या बदलत तुला ऊब दिली. त्यापुढे बिअर ती काय!"