भगवंतबाबांचा उजवा हात

लकव्यानं भगवंतबाबांचा उजवा हात गेला, त्याला चार महिने झाले. जुन्नरच्या उपचार केंद्रात ते दर सोमवारी बोटांच्या व्यायामासाठी वाटाणे उचलायला बसत आणि एकूण एक वाटाणा खाली पाडत. आज मात्र ते दाराबाहेर त्याच हाताच्या अंगठ्यानं झकास तंबाखू मळताना सहायक जहाँआराला सापडले.

"बाबा, हात बरा झाला की! आता वहीत लिहिते."

"नको गं पोरी! पन्नास वर्षांत पयल्यांदा म्हातारी हातानं भरवतीया. तू लिवलंस की बंद व्हईल."

"खोटं लिहिता येत नाही बाबा. नोकरीचा पहिला नियम आहे."

बाबा हिरमुसून आत गेले. मागून त्यांची बायको कुशाबाई डबा घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "हात बरा झालाय, मला महिन्यापास्नं ठाव हाय. पर तोंडात घास असला की माझं सगळं गप ऐकून घेत्यात बग. लिवू नको बाई."

जहाँआरानं वही उघडली आणि खरं तेच लिहिलं : 'हात पूर्ण बरा. भरवणं चालू ठेवावं, दोघांनाही मानवतंय.'