नावाची चौकट

साहेबांनी केबिनचं दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. "नकाशावाल्या बाईंना आज कामावरून कमी करतोय. थोड्या वेळाने आत बोलावीन. त्या बाहेर येईपर्यंत त्यांचा कॉम्प्युटर बंद झालेला हवा. आणि आधी त्यांच्या कानावर काही जाता कामा नये."

"हो" म्हणून डॉक्टर जागेवर आला. ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर त्याच्या हवाली होते, म्हणून त्याला डॉक्टर म्हणत. आजवर त्याने त्यांची दुखणीच काढली होती. आज काम उलटं होतं.

त्यासाठी खुर्चीतून उठावंही लागत नाही. प्रत्येक कॉम्प्युटरच्या पोटात रजिस्ट्री असते; कोणाला काय उघडू द्यायचं, काय नाही, ते तिथे ठरतं. डॉक्टर बसल्या जागेवरून कोड पाठवी आणि पलीकडच्या खोलीतली रजिस्ट्री बदलून जाई. कोड एवढंच विचारी, कोणाचा कॉम्प्युटर? समोरच्या चौकटीत नाव लिहायचं, बस.

काचेपलीकडे ताई मान खाली घालून नकाशा काढत होत्या. बाकीच्यांच्या त्या नकाशावाल्या बाई, डॉक्टरच्या ताई. ऑफिसात तो कोणाला मानत असेल तर त्यांना. हे काम आपल्याच वाट्याला यावं, याची त्याला चीड आली.

ताईंनी वर पाहिलं आणि हातानेच विचारलं, चहा? त्याने मान डोलावली आणि त्याच नादात बटण दाबलं. चौकट रिकामीच राहिली होती.

नाव नसलं की कोड लांब जात नाही, जिथे आहे तिथेच काम उरकतो. डॉक्टरला हे तोंडपाठ होतं. त्याचा पडदा काळा झाला, कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला आणि अक्षरं आली: "तुमचा प्रवेश बंद करण्यात आला आहे. साहेबांना भेटा." मजकूर त्याचाच होता.

ताई दोन कप घेऊन मागे उभ्या होत्या. "डॉक्टरच आडवा पडला की," त्या हसल्या. मग त्यांनी ते वाक्य वाचलं आणि कप टेबलावर ठेवले.

"तुला काढलं?"

त्याने बसल्या बसल्या हाताने पडदा झाकायला पाहिलं.

"असं कसं काढतात? ना विचारणं, ना सांगणं. आणि तू नुसता बसून राहिलास? थांब, मी बोलते साहेबांशी. माझं ऐकतात ते."

त्या निघाल्याच. दारापाशी डॉक्टरने त्यांना गाठलं. "ताई, जाऊ नका. मला नाही काढलं. कोडमध्ये नाव घालायचं राहिलं, म्हणून माझाच बंद पडला."

"मग कोणाचं घालायचं होतं?"

खोटं बोलायचं तर हीच वेळ होती. त्याला ते जमलं नाही. त्याने मान खाली घातली आणि ताई काय ते समजल्या.

दार वाजवायला उचललेला हात त्यांनी हळूच खाली घेतला.

"बरं झालं थांबवलंस. वकिली करायला निघाले होते तुझी." त्या आपल्या टेबलाकडे वळल्या. "मला थोडा वेळ दे, माझं काय आहे ते काढून घेते. मग तुझा कॉम्प्युटर सुरू करून नाव घाल. आता विसरू नकोस हं, नाहीतर साहेब तुझ्यावर उखडतील."